अंगावर चट्टा किंवा खाज आली तर ट्यूब लावायच्या आधी काय बघायचं

सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको, पारा ४२ च्या पुढं गेला की अंगाला कपडा चिकटतो, मानेवर घामोळं येतं आणि घरात एक तरी माणूस काखेत नाहीतर जांघेत खाजवत बसलेला असतो. मग मेडिकलमधून एक ट्यूब येते. तीन दिवसांत खाज बंद, आठ दिवसांत परत सुरू, परत ट्यूब. माझे मामा पूर्व भागात यंत्रमागावर कामाला आहेत, त्यांनी असे आठ महिने काढले. कमरेवर रुपयाएवढा होता तो नायटा पाठीपर्यंत गेला, जांघेतली कातडी पातळ होऊन बाळंतपणानंतर पोटावर उमटतात तसे वळ पडले, आणि शेवटी आम्ही स्किनच्या डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "मामा, आत्तापर्यंत काय काय लावलंय?" मामांना एकाही ट्यूबचं नाव सांगता येईना.

मी डॉक्टर नाही. पण मामांसोबत चकरा मारताना जे विचारून घेतलं, नंतर वाचलं, ते इथं क्रमानं लिहितेय, म्हणजे तुमचे आठ महिने तरी वाचतील.

१. ट्यूब थांबवा, पण फेकू नका

दुकानातून सहज मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड असं सगळं एकत्र असतं. स्टिरॉइडनं खाज आणि लाली दबते म्हणून गुण आल्यासारखा वाटतो, पण बुरशी आतल्या आत पसरत राहते, आणि नायट्याची ती ओळखीची गोल कड आहे ना, बाहेरून उठलेली आणि मधून साफ, तीच पुसून जाते. मग डॉक्टरांनासुद्धा नुसतं बघून ओळखायला जड जातं. बॉक्सवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड. २०१८ मध्ये सरकारनं अशा लावायच्या स्टिरॉइडवरची सूट काढून ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलंय, तरी मागितलं की मिळतंच, आणि आपणही मागतो.

रिकामी ट्यूब, बॉक्स, गोळ्यांचं पाकीट, सगळं एका पिशवीत ठेवा, ती पिशवी डॉक्टरांना दाखवायचीय. एक मात्र लक्षात घ्या, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आपल्या मनानं बंद करू नका, आणि कोणी चेहऱ्याला गोरं व्हायला म्हणून स्टिरॉइडचं क्रीम कित्येक महिने लावत असेल तर अचानक सोडल्यावर चेहरा भडकतो, तेही डॉक्टरांना विचारूनच सोडायचं.

२. उजेडात बघा आणि फोटो काढा

ट्यूबलाइटमध्ये नाही, सकाळी खिडकीशी. आपल्या सावळ्या कातडीवर पुस्तकातल्यासारखं लालभडक काही दिसत नाही, सूज आलेली जागा काळपट, जांभळट, नाहीतर नुसती गडद दिसते, त्यामुळं "लाल नाहीये म्हणजे काही नाही" असं समजू नका.

काय बघायचं? सगळ्यात आधी जागा. नायटा घाम साचतो तिथं, म्हणजे जांघ, काख, कमरेचा पट्टा, बायकांमध्ये छातीखाली आणि परकराची नाडी बसते तिथं. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, आणि पुरुषांच्या लघवीच्या जागी. सोरायसिस कोपर, गुडघा, डोक्यात, वर चंदेरी पापुद्रे, आणि नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे (नखं दाखवायला लोक विसरतात, आणि नेलपॉलिश तर काढूनच जा). इसब लहान मुलांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत. पावसाळ्यात पायाच्या बोटांत पांढरं, ओलं होऊन चिरतं त्या चिखल्या.

नागीण ही अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते, आधी आग आणि मग पाण्याचे फोड. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो ही भीती अजून लोकांच्या मनात आहे, पण लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू एका नसेत दबून असतो, तो त्याच नसेच्या रेषेत उठतो, म्हणून ती बहुधा मधली रेघ ओलांडत नाही. तिचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, म्हणून मंतरायला नेण्यात दिवस घालवू नका, आणि कपाळावर किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दाखवा.

अंगावर गांधी उठत असतील तर पेनानं एका गांधीभोवती गोल काढा आणि वेळ लिहा. पित्ताची गांधी २४ तासांच्या आत तिथून जाते, दुसरीकडं नवीन उठते. एकच गांधी दोन-तीन दिवस तिथंच बसली, दुखली, जाताना डाग ठेवून गेली तर ते वेगळं काही असू शकतं, डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि डॉक्टरांकडं पोचेपर्यंत अंगावर काहीच उरलेलं नसतं, म्हणून फोटो पाहिजेच. एक लांबून, एक जवळून, शेजारी नाणं ठेवून.

३. घरात अजून कोण खाजवतंय ते विचारा

हे विचारायला लोकांना लाज वाटते, पण निदान बऱ्याचदा इथंच होतं. रात्री अंथरुणात गेलं की खाज वाढते आणि घरात दोघा-तिघांना आहे, तर आधी खरजेची शंका घ्यायची. तो किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, कातडीत बीळ करून राहतो, आणि पहिल्यांदा झाली तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे आज ज्याला खाज नाही त्यालाही लागलेली असू शकते. म्हणूनच डॉक्टर अख्ख्या घराला एकाच रात्री औषध लावायला सांगतात, आणि आपण काय करतो, जो खाजवतोय त्यालाच लावतो, मग महिनाभरात परत पहिले पाढे पंचावन्न.

कामाचंही सांगा. सूत रंगवायच्या कामात हात रंगात असतात का, दिवसभर धुण्याभांड्यांच्या साबणात असतात का, शेतात किंवा मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत उपटलं का. गाजर गवताची ॲलर्जी असेल तर चेहरा, मान, हात अशी उघडी कातडीच जाड होऊन खाजते, झाकलेली बरी राहते. खोट्या दागिन्यांतल्या निकेलनं कानाच्या पाळ्या ओल्या होतात, केसांच्या काळ्या रंगानं कपाळ आणि कानामागं उठतं. टिकलीच्या गोंदानं कपाळावर आणि रबरी चपलेनं पावलावर पट्ट्याच्या आकाराचा पांढरा डाग पडतो, तो मी स्वतः शेजारच्या काकूंच्या पायावर बघितलाय.

४. फिकट डाग असेल तर कापूस घ्या

पांढरा डाग म्हटलं की घरात सगळ्यांच्या मनात कोड येतं आणि पोरीच्या लग्नापर्यंत विचार जातो. जरा थांबा. छाती-पाठीवर बारीक भुसा असलेले फिकट ठिपके म्हणजे बहुतेक शिबं, ती बुरशी आहे आणि बरी होते, फक्त रंग भरून यायला काही महिने लागतात. लहान मुलांच्या गालावर फिकट, कोरडे चट्टे येतात, त्याचं खापर जंतांवर आणि कमी कॅल्शियमवर फोडून झालेलं असतं, पण तो इसबाचाच सौम्य प्रकार समजतात आणि वयानुसार जातो. कोडाचा डाग खडूसारखा पांढराफेक असतो, त्यावर भुसा नसतो, स्पर्श कळतो, आणि तो शिवल्यानं, जेवल्यानं कुणालाही लागत नाही.

आता कापसाचं. माणसाला आधी चांगल्या कातडीवर कापसाचा धागा टेकवून दाखवा, मग डोळे मिटायला सांगा आणि डागावर हलकेच टेकवा, जिथं कळलं तिथं बोट ठेवायला सांगा. डागावर कळलं नाही, किंवा तिथं घाम येत नाही, केस गेलेत, हाताला मुंग्या येतात, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायचीच. डॉक्टर कोपराजवळची नस जाड झालीय का ते चाचपतात, गरज पडली तर कानाच्या पाळीतून बारीक नमुना घेतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने, आणि वेळेत सुरू झालं तर हातापायाला बहुधा काही होत नाही. स्पर्श कळत असला तरी डाग दाखवाच, कारण काही प्रकारांत संवेदना उशिरा जाते.

५. वाट बघायची नाही अशा गोष्टी

ओठ, जीभ सुजली, श्वास लागला तर १०८. नवीन गोळी सुरू केल्यावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलतेय, तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात, गोळी सोबत घेऊन. ताप आहे आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत, काचेचा ग्लास दाबला तरी ते फिके होत नाहीत, तेव्हासुद्धा लगेच मोठ्या दवाखान्यात. तळपायावरचा किंवा नखाखालचा काळा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या होत असतील तर आठवड्याच्या आत दाखवा.

६. डॉक्टरांकडं जाताना

खाजगीत दाखवणार असाल तर पाटीवर त्वचारोगाची पदवी आहे ना बघा, नुसतं ब्युटी क्लिनिक नको. सिव्हिलला, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जाणार असाल तर सकाळी लवकर केसपेपर काढा. त्वचेच्या विभागाबरोबर बऱ्याच ठिकाणी गुप्तरोग असंही लिहिलेलं असतं, ते वाचून आमची आत्या दारातूनच परत फिरली होती, तसं करू नका, त्या दोन्हींचं शिक्षण एकच असतं.

जाताना अंगाला पावडर, क्रीम, तेल काही लावू नका, हळदही नको. ढगळ कपडे घाला, आणि जांघेतलं दाखवायला लाजू नका, मामांनी पहिल्यांदा फक्त कमरच दाखवली होती.

७. कोणती तपासणी कशासाठी

निम्म्याहून जास्त वेळा डॉक्टर डोळ्यांनी आणि डर्मोस्कोपनंच, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगानंच ओळखतात. बुरशीची शंका असेल तर चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्यानं खरवडतात, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, त्यात कातडी विरघळते आणि बुरशीचे धागे मायक्रोस्कोपखाली दिसतात. दुखत नाही. पण आदल्या रात्री तुम्ही बुरशीची ट्यूब लावली असेल तर असलेली बुरशीही दिसत नाही, मामांचं पहिल्या वेळी तेच झालं, परत बोलावलं. आता औषधाला दाद न देणारी बुरशीही आपल्याकडं बरीच आहे, म्हणून कधी कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला पाठवतात, त्याला दोन ते चार आठवडे लागतात.

अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प म्हणून जांभळा दिवा मारतात. कोड निळसर पांढरं चमकतं, शिबं पिवळट, आणि जांघेतला एक जंतूचा चट्टा, जो हुबेहूब नायट्यासारखा दिसतो, तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. पावडर नको म्हटलं ते यासाठीपण, तीही चमकते.

कशाची ॲलर्जी आहे ते बघायला पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, परत ९६ तासांच्या आसपास बघतात, तोपर्यंत पाठ भिजवायची नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये घामानं पट्ट्या सुटतात, घाई नसेल तर दिवाळीनंतर करायची का हे विचारा. रक्तातून ॲलर्जीची लांबलचक यादी काढणारी महागडी तपासणी या प्रकाराच्या ॲलर्जीला उपयोगी पडत नाही, प्रत्येक खाजेला ती करत बसू नका. उलट अंगावर काहीच नाही आणि नुसती खाज आहे, तर साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघतात. मानेवर मखमलीसारखा काळा थर आलाय, घासून जात नाही, तर तो मळ नाही, तिथंपण आधी साखर तपासायची.

बायोप्सी म्हटलं की लोक कॅन्सर समजतात. तसं नसतं. सोरायसिस की इसब असा पेच पडला तरी करतात, जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखाददुसरा टाका, आणि माणूस चालत घरी.

निघायच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. आजाराचं नाव काय, औषध किती आठवडे, आणि घरच्यांना लावायचं का. मामांना नायटा दिसेनासा झाल्यावरही काही आठवडे औषध घ्यायला सांगितलं होतं, टॉवेल वेगळा, चड्डी-बनियन गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचं, आणि मामींच्या मांडीवर छोटा चट्टा निघाला तेव्हा त्यांचंही त्याच दिवशी सुरू केलं.