महाबळेश्वर-पाचगणीकडे घर बांधायचंय? आधी कुठले कागद आणि मग कुठली परवानगी

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, मेटगुताड या पट्ट्यात जागा घेऊन छोटंसं घर बांधायचं हे पुण्या-मुंबईच्या बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, आणि गावातल्या माणसालाही वडिलोपार्जित जागेत दोन खोल्या वाढवायच्या असतात, पण दोघंही अडकतात एकाच कारणाने, सुरुवात उलट्या टोकाने केलेली असते. आधी टोकन, मग आर्किटेक्टकडून डिझाइन, मग जेसीबी लावून सपाटीकरण आणि सगळ्यात शेवटी परवानगीचं बघू. डोंगरात हे चालत नाही. इथे आधी जमीन प्रत्यक्ष बघायची, मग जमिनीचे कागद, मग घराचा नकाशा. हा क्रम पाळला तर निम्मा त्रास वाचतो, कारण जी जागा मंजूर होणारच नाही ती तुम्ही घेतच नाही.

हा भाग वेगळा का आहे ते आधी कळलं पाहिजे

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १७ जानेवारी २००१ ला महाबळेश्वर-पाचगणी परिसर इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग, म्हणून अधिसूचित केला, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली. त्यामुळे राज्यात सगळीकडे जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० पासून लागू झाली, त्यातून गिरिस्थान नगरपरिषदा आणि असे अधिसूचित इको सेन्सिटिव्ह भाग वगळलेले आहेत. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुण्यातला आर्किटेक्ट सवयीने यूडीसीपीआरचा एफएसआय (जागेच्या क्षेत्रफळावर किती बांधता येतं ते प्रमाण) धरून नकाशा काढतो आणि मग फाइल परत येते. इथले मजले, उंची, सोडायची जागा हे सगळं इथल्या प्रादेशिक किंवा विकास योजनेच्या नियमांप्रमाणे चालतं, त्या नियमांची प्रत आधी मागून घ्या आणि आर्किटेक्टच्या हातात द्या.

नोटिफिकेशनमधला आपल्या कामाचा गाभा असा की शेती, बागा, मोकळ्या हिरव्या जमिनी यांचा वापर बदलायला मुळातच मनाई आहे, आणि थोडीफार सूट आहे ती स्थानिक रहिवाशांच्या आणि त्यांच्या वाढत्या कुटुंबांच्या घरांच्या गरजेसाठी. म्हणून "स्ट्रॉबेरीचं शेत आहे, वर्षभरात एनए (अकृषिक) करून देतो" असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे लेखी काय आहे ते विचारा, आणि लेखी काही नसेल तर तिथून उठा.

पहिलं काम: परवानगी देणारं ऑफिस कुठलं

महाबळेश्वर आणि पाचगणी शहरांच्या हद्दीत असाल तर अर्ज त्या त्या गिरिस्थान नगरपरिषदेकडे. हद्दीबाहेरच्या गावात असाल तर जिल्हाधिकारी, म्हणजे व्यवहारात महसूल खातं आणि सातारचं नगररचना कार्यालय. गावठाणात घर असेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज जातो, पण झोनचे नियम तिथेही लागतातच, आणि गावठाणाबाहेरच्या सर्व्हे नंबरवर ग्रामपंचायतीचा नुसता ठराव किंवा एनओसी म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. यावर सगळ्यात जास्त लोक फसतात. सरपंचाची सही असते, शिक्का असतो, सगळं खरं असतं, फक्त ती परवानगी द्यायचा अधिकारच त्यांच्याकडे नसतो.

तिकडे खाली सातारा, जावळी, पाटण तालुक्यात "नवीन महाबळेश्वर" प्रकल्पात घेतलेली गावं आहेत, तिथे नियोजन प्राधिकरण म्हणून एमएसआरडीसी (राज्याचं रस्ते विकास महामंडळ) नेमलेलं आहे. जाहिरातीत सगळ्यालाच महाबळेश्वर म्हणतात. म्हणून गावाचं नाव, तालुका आणि गट नंबर एवढं घेऊन नगररचना ऑफिसात जायचं आणि विचारायचं की या गटाला कोण परवानगी देतं, हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. पश्चिम घाट इको सेन्सिटिव्ह एरियाचा जो मसुदा २०१४ पासून परत परत निघतोय (सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा) तो वेगळा विषय आहे. एजंट लोक दोन्हीची सरमिसळ करून "अजून फायनल नाही झालं" म्हणतात, पण महाबळेश्वर-पाचगणीचं २००१ चं नोटिफिकेशन कधीच फायनल झालेलं आहे.

सातबारा वाचायचा कसा

डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (खाते उतारा) ऑनलाइन मिळतो, तो स्वतः काढा, समोरच्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला चालवून घेऊ नका. नाव आणि क्षेत्र सगळेच बघतात, खरी माहिती असते भूधारणा पद्धतीत आणि "इतर हक्क" या रकान्यात.

भूधारणा "भोगवटादार वर्ग २" असेल तर विक्रीला किंवा वापर बदलायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची अट येते. "पुनर्वसन" असा शेरा असेल तर थांबा आणि तो फेरफार काढून वाचा, कोयनेच्या पट्ट्यात असे शेरे दिसतात. आणि सगळ्यात जपून बघायचा शेरा म्हणजे वनाचा. "राखीव वन", "खाजगी वन", "कलम ३५(३) नोटीस" असं काहीही दिसलं की खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ आणि वन संवर्धन अधिनियम १९८० चा विषय सुरू होतो, तिथे जिल्हाधिकाऱ्याच्याही हातात फार काही राहत नाही. हा शेरा काही वेळा चालू सातबाऱ्यावर नसतो पण जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर असतो, म्हणून तहसील ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधून जुने सातबारे आणि सगळे फेरफार काढायचे, आणि गट वनहद्दीला लागून असेल तर वनखात्याकडून लेखी दाखला घ्यायचा. कंटाळवाणं काम आहे पण हे सोडलं तर पुढचं सगळं वाया जातं.

बाहेरून येणाऱ्यांनी आणखी एक बघायचं, शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं (कुळकायदा कलम ६३), आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे तुकडेबंदी कायद्यात अडकतात. शहरात अनेक जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्यावर आहेत, तिथे लीजची मुदत, हस्तांतराची परवानगी आणि वारसा यादीत इमारत आहे का, हे तीन कागद आधी.

उतार स्वतः मोजा

यासाठी इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, एक टोक वरच्या खुंटीला आणि दुसरं आडव्या अंतराने ५ मीटर खाली, दोन्हीकडची पाण्याची पातळी जुळली की खालच्या खुंटीवर जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा आणि त्यातून वरच्या खुंटीवरची वजा करा. ५ मीटरला १ मीटरपेक्षा जास्त उतरत असेल तर तो १:५ पेक्षा तीव्र उतार झाला, साधारण ११ अंश. यूडीसीपीआरच्या भागातसुद्धा १:५ पेक्षा तीव्र उताराची जागा बांधकामाला अपात्र धरतात, आणि इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये तर तीव्र आणि धूप होणाऱ्या उतारांवर बांधकाम नाहीच. चार-पाच ठिकाणी मोजा, प्लॉटचा फक्त रस्त्याकडचा तुकडा सपाट असतो आणि तोच दाखवतात.

याला मी एवढं का धरून बसतोय ते सांगतो. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच पावसात घाटाखाली महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण, नंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. आपल्याकडच्या माथ्यावर वर जांभा असतो, त्यातून पाणी खाली मुरतं आणि त्याखालची चिकणमाती मऊ पडते, मग उताराचा पायथा कापलेला असेल तर वरचं सगळं सुटतं. घरासाठी जागा सपाट करायला जेसीबीने मागची भिंत उभी कापतात ना, तेच ते पायथा कापणं. म्हणून परवानगीआधी एक बकेटसुद्धा माती हलवू नका. उत्खननाला महसूल खात्याची वेगळी परवानगी आणि रॉयल्टी लागते, आणि विनापरवाना कापलेला उतार नंतर कुठल्याही कागदाने परत भरून येत नाही. शेजाऱ्याचं घर तुमच्या खालच्या टप्प्यावर असतं हेही विसरू नका.

मोजणी, झोन दाखला आणि झाडं

जागा इथपर्यंत टिकली तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज ऑनलाइन टाका, मोजणी झाल्यावर "क प्रत" (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) मिळते, तिच्याशिवाय नकाशाची फाइल पुढे सरकत नाही. पावसाळ्यात धुकं आणि पाऊस यात मोजणी होत नाही, त्यामुळे अर्ज दिवाळीच्या सुमारास टाकलेला बरा. त्याचबरोबर नगररचना ऑफिसातून झोन दाखला आणि भाग नकाशा. झोन दाखल्यावर गट नंबर पूर्ण लिहिलाय का बघा, एकाच गटाचा थोडा भाग रहिवासी आणि बाकी हरित असतो, अशा वेळी तुमचा तुकडा नेमका कुठे पडतो ते नकाशावर आखून घ्या.

मोजणीच्याच वेळी सर्व्हेअरकडून कंटूर नकाशा, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, करून घ्या आणि त्यावर प्रत्येक मोठं झाड दाखवा. हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, ऐन ही झाडं आपल्या मालकीच्या जागेत असली तरी १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि नगरपरिषद हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो. माझं स्पष्ट मत आहे की झाड वाचवून घर वळवा. परवानगीचा एक अर्ज कमी होतो आणि उताराला धरून ठेवणारी मुळं शाबूत राहतात.

फाइल

नकाशा, मालकीचे कागद, क प्रत, झोन दाखला, पोहोच रस्त्याचा पुरावा, कंटूर आणि झाडांचा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, माती परीक्षण, सांडपाण्याची व्यवस्था, आणि लागत असेल तिथे वनखात्याचा दाखला, असा गठ्ठा लायसन्सधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत ऑनलाइन जातो. अकृषिक परवानगी लागत असेल तर ती महसूल संहिता १९६६ खाली, त्याचा जो कागद मिळेल तो जपून ठेवायचा. घर साधं असलं तर गोष्ट नगरपरिषद किंवा जिल्हाधिकारी पातळीवर चालते, हॉटेल, मोठं बांधकाम, वापर बदल असे विषय उच्चस्तरीय सनियंत्रण समितीपुढे जाऊ शकतात. लोक तिला हाय लेव्हल कमिटी म्हणतात. समितीला ठरावीक मुदत असते, ती संपून नवी नेमेपर्यंत फाइली थांबतात, त्यामुळे बँकेचं कर्ज आणि ठेकेदाराचा अॅडव्हान्स या तारखांवर बांधू नका.

एमआरटीपी कायद्यात (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मानली जाते अशी तरतूद आहे (कलम ४५), पण ती फक्त नियमात बसणाऱ्या नकाशाला, त्यामुळे इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये तिच्या भरवशावर पाया खोदायला घेणं म्हणजे नोटीस ओढवून घेणं. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा, कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येतं. कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर भरावा लागतो, स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ५० लाखांच्या आत असेल तर तो लागत नाही (नोव्हेंबर २०२५ पर्यंत ही मर्यादा १० लाख होती).

सांडपाण्याबद्दल हात आखडू नका. डोंगरात वरच्या घराचा शोषखड्डा खालच्या वाडीच्या झऱ्यात उतरतो. बोअरवेलचंही तसंच, झोनमध्ये भूजल फक्त स्वतःच्या घरासाठी आणि शेतीसाठी काढता येतं, टँकर भरून विकता येत नाही.

काम सुरू झाल्यावर

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, एक वर्षाचं असतं, ते संपायच्या आत वाढवून घ्या. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी करून घ्या, त्याशिवाय वर चढू नका. इथे बांधकामाचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते मे, त्यात पाया आणि रिटेनिंग वॉल आधी संपवायची आणि वॉलला पाणी निघायची भोकं ठेवायचीच. पावसाळी शेडलाही तात्पुरती परवानगी घ्यायची आणि पाऊस संपला की ती काढायची, शेडच्या आत विटांची भिंत चढवून पक्की खोली करायचा जो प्रकार चालतो त्यात पुढे पाडापाडीच्या नोटिसा येतात.

शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधलेलं घर वापरायची परवानगी. मंजूर नकाशात नसलेली गॅलरी, बंद केलेलं पार्किंग यामुळे ते अडतं, म्हणून बदल करायचाच असेल तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्या. घर म्हणून परवानगी घेऊन लॉज चालवायचा विचार असेल तर तो वापर बदल आहे, त्याला नव्याने मंजुरी लागते. आणि घरपट्टीची पावती किंवा लाइटचं मीटर दाखवून कोणी तयार बंगला अधिकृत आहे म्हणत असेल तर ऐकू नका, घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. त्याच्याकडे मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा हे तिन्ही मागा, आणि तिन्हींचे जावक क्रमांक संबंधित ऑफिसात जाऊन रजिस्टरला पडताळून घ्या.