मुलांचं इन्स्टाग्राम आणि आपण: या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांच्या शिफ्टवरून आईबाबा घरी येईपर्यंत सातवी-आठवीतली मुलं दुपारभर मोबाइलवर असतात. क्लासचा अभ्यास व्हॉट्सअॅपवर येतो, त्यामुळे मोबाइल देणं टळत नाही. तो देताना आणि पुढे अडचण आल्यावर आपण पालक काही ठरावीक चुका करतो.

खोटं जन्मसाल टाकणं

१३ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटवर खातं काढायला परवानगी नाही. मग घरातलंच कुणीतरी जुनं साल टाकून खातं उघडून देतं आणि अॅपच्या लेखी ते पोर सज्ञान होतं. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी ‘टीन अकाउंट’ आणलं. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणसं थेट मेसेज करू शकत नाहीत, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद असतात. १६ च्या आतल्या मुलांना हे नियम सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. खोट्या सालामुळे हे सगळं संरक्षण जातं. मुलाला शेजारी बसवून इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधल्या अकाउंट सेंटरमध्ये जन्मतारीख तपासा आणि चुकीची असेल तर बदला. १३ पूर्ण नसतील तर खातं बंद करा. रडारड होईल, होऊ द्या.

काही कळलं की मोबाइल हिसकावणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, आठवीतल्या मुलीने ओळख वाढलेल्या एखाद्या ‘दादा’ला फोटो पाठवला आणि आता तो आणखी फोटो मागतोय, नाहीतर सगळ्यांना दाखवीन म्हणतोय. पप्पांना सांगितलं तर मोबाइल जाईल, क्लास सुटेल, मावशी-काकूंपर्यंत बोभाटा होईल, हे तिला पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती गप्प बसते, आणि त्याचं सगळं त्या गप्प बसण्यावरच चालतं. तेव्हा काही घडायच्या आधीच सांगून ठेवा: “काहीही झालं तरी आधी मला सांग. मी ओरडणार नाही, मोबाइलही काढून घेणार नाही.” आणि वेळ आली की शब्द पाळा. राग येईलच, पण तो तिच्यासमोर नको.

घाबरून चॅट उडवणं किंवा पैसे देणं

पैसे दिले की मागणी वाढते. चॅट उडवलं की पुरावा जातो. ब्लॉक करण्याआधी त्या माणसाचं प्रोफाइल, युजरनेम, धमकीचे मेसेज आणि तारखा यांचे स्क्रीनशॉट घ्या. मुलीचा नको तसा फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून कुणालाही, अगदी सख्ख्या भावालाही, फॉरवर्ड करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली तो गुन्हा ठरू शकतो. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिस ठाण्यात करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. असा फोटो पसरलाच, तर अॅपकडेही तक्रार करा. २०२१ च्या नियमांत फेब्रुवारी २०२६ मध्ये झालेल्या बदलानुसार तक्रार मिळाल्यापासून दोन तासांत (आधी ही मुदत २४ तास होती) तो काढायला त्यांनी पावलं उचलायची असतात.

फक्त वेळ मोजणं

किती तास बघितलं हे आपण विचारतो, काय बघितलं ते विचारत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी गुंडांची धरपकड केली, तेव्हा पकडलेले गुंड ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणतानाचे व्हिडिओ घरोघरी पोचले. त्याआधी कोयता मिरवणारे ‘भाई’लोकांचे रील आपल्या मुलाने लाइक केले होते का, हे किती घरांत माहीत होतं? जेवताना त्याला आवडलेला एखादा रील त्याच्याच मोबाइलवर बघा. लगेच शिकवायला बसू नका, आधी ऐकून घ्या.

आपणच सगळं जगाला सांगणं

शाळेचा गणवेश, सोसायटीचं गेट, व्हॅनचा नंबर, हे आईबाबांच्याच स्टेटसवर असतं. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) भिजलेल्या मुलाचा फोटो टाकायचा मोह होणारच. टाकण्याआधी त्याला विचारा, तो नको म्हणाला तर टाकू नका, आणि तुमच्या खात्यावरचे त्याला नको असलेले जुने फोटोही काढून टाका.