वेलनेस कोच निवडताना या चुका टाळा

मागच्या वर्षी मी एका वेलनेस कोचचं, म्हणजे खाण्या-व्यायामाच्या सवयी लावायला मदत करणाऱ्या बाईंचं, तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरलं आणि अकराव्या दिवशी सोडून दिलं. चार्टमध्ये सकाळी साडेसहाला योगा आणि ओट्स. साडेसहाला मी पोळ्या लाटत असते, कारण हिंजवडीची बस सातला येते. त्या कोचनं माझा दिवस विचारला नव्हता. मीही पैसे भरायच्या घाईत सांगितला नव्हता.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. पहिल्या भेटीत कोण जास्त बोलतंय ते बघा. आता कोथरूडला ज्या ताईंकडे जाते, त्यांनी आधी वजनकाटा काढलाच नाही. म्हणाल्या, "कालचा दिवस सांगा, उठल्यापासून." सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की रात्री घरी येते ती भुकेनं कासावीस होऊन, आणि चप्पल काढायच्या आधी फरसाणाचा डबा उघडते. "डबा राहू दे. बसमध्ये चढताना मूठभर फुटाणे खाऊन बघाल का?" बस्स, महिनाभर एवढंच.

'21 दिवसांत सवय' असल्या चॅलेंजच्या नादी लागू नका. लंडनच्या संशोधकांनी 96 जणांना घेऊन पाहिलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला 254. बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवायचं कारण नाही.

गुडघा दुखतोय तरी सगळ्यांबरोबर पर्वतीच्या पायऱ्या चढायच्या, हाही हट्ट नको. याच पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोऱ्या वापरून आसनं ज्याच्या त्याच्या शरीराला बेतून दिली. शिस्त मात्र कडक!

आणि हो, वेलनेस कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे डॉक्टरांसारखी नोंदणी लागत नाही. शिक्षण विचारा, लाजू नका. मधुमेहाची काही औषधं किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणाच्या वेळा एकदम बदलल्या, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ते डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

खाडा झाल्यावर कोच काय बोलते, तेही बघून ठेवा. गणपतीत माझं दहा दिवस चालणं बुडालं. चोरासारखं तोंड करून गेले, तर ताईंचा पहिला प्रश्न : "मोदक तळणीचे की उकडीचे?"