पाईप नेमका कुठला? जुन्या टू-स्ट्रोक डर्ट बाईकसाठी

एक्झॉस्ट पाईप कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या बाईकचा हे ओळखताना मी कंपनीचा शिक्का सगळ्यात शेवटी बघतो. एफएमएफ किंवा डीजी या पाईप बनवणाऱ्या कंपन्यांची पट्टी कुणीही रिव्हेट करून बसवू शकतो. शिवाय अर्ध्याअधिक पाईपांवरचा शिक्का गंजाखाली गेलेला असतो. आधी शिवण बघा. पत्र्याचे शंकू वळवून एकेक जोडलेला पाईप असेल तर वेल्डिंगची कडी दर काही सेंटिमीटरवर पाईपभोवती फिरलेली दिसतात. दोन साच्यातली अर्धुकं जोडली असतील तर शिवण लांबीच्या दिशेने, दोन्ही बाजूंनी जाते. मग पाईप इंजिनाखालून जातो की वरून, आणि पाईप अडकवायचे ब्रॅकेट फ्रेमच्या कुठल्या भोकांवर बसतात, हे पडताळा. इथेच निम्मे उमेदवार गळतात.

आता पाईपांची एकमेकांशी तुलना. पाईपच्या मध्यरेषेवर दोरी धरून पिस्टनपासून शेवटच्या निमुळत्या शंकूच्या मध्यापर्यंत मोजा. फुटपट्टी नको, वळणांवर ती फसवते. बाकी सारखं असताना ही लांबी जितकी कमी, तितकी ताकद वरच्या आरपीएमला सरकते. शंकू तीव्र उताराचे असतील तर जोर जास्त, पण आरपीएमच्या थोड्याच टप्प्यात. चिखलात मला असला पाईप नकोच.

मागच्या बारीक नळीचा आतला व्यास कॅलिपरने घ्या. ती फार अरुंद असली की उष्णता कोंडते. माझा एक पिस्टन त्यातच वितळला. पाईप बदलला की कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारं बारीक भोक) पुन्हा जुळवा, स्पार्क प्लगचा रंग बघत.