शिवकाळातलं रोजचं जगणं मुलांना सांगताना या चुका टाळा

दिवाळीत गिरगावच्या वाड्यांत, सोसायट्यांच्या आवारात मुलं मातीचे किल्ले करतात. त्यावर बुरूज, तोफा, मावळे सगळं असतं. पाण्याचं टाकं आणि धान्याचं कोठार मात्र नसतं. पहिली चूक ती. रायगडावर गंगासागर तलाव आहे, बाजारपेठेचे अवशेष आहेत. किल्ल्यात आधी पाणी दाखवा, तोफ मागाहून चढवा. आज्ञापत्रात, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, तर गडावरचा केर जाळून त्याची राख परसात भाजीपाल्याला घालायला सांगितलंय. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या मुलांना हे चटकन पटतं.

खाण्यात सर्वाधिक गफलत होते. ‘मावळ्यांचा डबा’ म्हणून बटाट्याची भाजी नाहीतर साबुदाण्याची खिचडी! तेव्हा मावळातल्या घरात बटाटा, टोमॅटो, साबुदाणा, चहा यांतलं काहीच नव्हतं. नाचणीची भाकरी, कांदा आणि ताक द्या. मूल नाक मुरडेल, मुरडू दे. भाकरी थापायला दिली की निदान अर्धी तरी खातं.

वेळ सांगायला घटिकापात्र करून बघा. तळाला भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची. ती २४ मिनिटांत बुडली की एक घटका झाली. वाटी लगेच बुडत असेल तर भोक मोठं पडलंय. प्लॅस्टिकची वाटी भरूनही तरंगतच राहते. तिच्यात चार खडे ठेवा, पण भोकावर नकोत.

भाड्याच्या मखमली पोशाखात सगळेच महाराज आणि जिजाऊ होतात, हेही टाळा. कुणीतरी लोहार, तेली, कोष्टी, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार व्हायला हवा. मुंडासं आणि घोंगडी घरात निघते.

‘तेव्हा आपली मुंबई कुठे होती?’ हा प्रश्न येणारच. तो उडवून लावू नका. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी मुंबईची बेटं ईस्ट इंडिया कंपनीकडे होती आणि तिचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या सोहळ्याला रायगडावर हजर होता.

वस्तुसंग्रहालयात एका फेरीत सगळी दालनं उरकू नका. नाण्यांपाशी थांबून तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन यांतला फरक सांगितलात तरी पुष्कळ झालं.

आणि ‘शी कुठे करायचे?’ असं विचारलं तर दटावू नका. रायगडावर शौचकूप आजही पाहायला मिळतात. मुलांना दरबाराआधी तेच बघायचे असतात.