मॉडेल रेल्वेचा बारीक तपशिलाचा ट्रॅक: या चुका टाळा

डबा क्रॉसिंगवर (दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे) घसरतो, म्हणून आपण क्रॉसिंगच घासायला बसतो. दोष पुष्कळदा तिथे नसतोच. थोडं अलीकडे गेज (दोन रुळांमधलं अंतर) आवळलेलं असतं, चेक रेल (क्रॉसिंगसमोर चाक धरून ठेवणारी जादा रूळपट्टी) चुकीच्या रुळापासून मोजलेली असते, नाहीतर चाकंच वेगळ्या मापाची असतात. स्लीपर, चेअर (रूळ स्लीपरवर धरणारी बैठक), फिशप्लेट (सांध्यावरची पट्टी) हे सगळं हाताने बसवणाऱ्यांना बोल्टचं डोकं नीट दिसतंय का याची फार काळजी असते. ॲक्सलवरच्या दोन चाकांमधलं अंतर मात्र कुणी मोजलेलं नसतं. म्हणून सुरुवात तिथून.

चाकं न मोजता रूळ घेणे

रुळाचा ‘कोड’ म्हणजे त्याची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० चा रूळ २.५४ मिमी उंच असतो. एचओमध्ये, म्हणजे १:८७ या प्रमाणात, तो खऱ्या मापाने २२१ मिमी भरतो. मेन लाइनवरचा खराखुरा यूआयसी ६० रूळ १७२ मिमीचा आहे. त्यामुळे कोड १०० कितीही छान रंगवला तरी जाडजूडच दिसतो. भारी मार्गासाठी कोड ८३, हलक्या मार्गासाठी कोड ७० आणि यार्डातल्या जुन्या सायडिंगला कोड ५५ ही निवड डोळ्यांना पटते.

पण रूळ बारीक झाला की चाकाच्या फ्लँजला (रुळाच्या आत उतरणाऱ्या कडेला) खाली जागा कमी उरते. आरपी-२५ या ठरीव आकाराच्या, ११० रुंदीच्या (हीसुद्धा इंचाच्या हजाराव्या भागात) चाकाची फ्लँज साधारण ०.६४ मिमी खोल असते, ती निभावते. जुन्या गाड्यांच्या खोल फ्लँज मात्र आतल्या बाजूच्या चेअरवर खडखडत जातात. गाडी सरळ मार्गावरही एकसारखी टकटक वाजत असेल, तर आधी हेच बघा.

दुसरा घोळ स्टँडर्डांच्या सरमिसळीचा. एचओ आणि ओओ दोन्ही १६.५ मिमी गेजवर चालतात, पण ओओचं प्रमाण १:७६ आहे. त्या प्रमाणात खरं स्टँडर्ड गेज १८.८३ मिमी येतं. म्हणून तिथले बारकाईवाले १८.२ मिमीच्या ईएमकडे किंवा १८.८३ मिमीच्या पी४ कडे वळतात. यातलं काहीही निवडा, पण गेज एका स्टँडर्डचं, चाकं दुसऱ्याची आणि क्रॉसिंगची जिग (जोडणीचा साचा) तिसऱ्याची असा संसार मांडू नका. तो सरळ रुळावर चालतो आणि पहिल्या टर्नआउटवर (एका मार्गातून दुसरा फुटतो तिथे) मोडतो.

तीन पायांचं गेज उलटं ठेवणे

वळणावर गेज किंचित रुंद लागतं, आणि तीन पायांचं गेज (हे अंतर राखून रूळ बसवायचं हत्यार) ते आपोआप करून देतं. अट एकच: दोन पाय बाहेरच्या रुळावर, एक पाय आतल्या रुळावर. उलटं ठेवलंत तर तेच हत्यार गेज रुंद करण्याऐवजी अरुंद करतं. लांब इंजिन वळणात अडखळतं, छोटं शंटिंग इंजिन मजेत जातं, आणि आपण इंजिनाला शिव्या देतो.

फ्लेक्सिबल ट्रॅक वाकवून मग जोडला तर सांध्यावर कोन पडतो. दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करा, नंतर एकत्र वाकवा.

क्रॉसिंग: जिथे खरी परीक्षा असते

चेक रेल शेजारच्या स्टॉक रेलपासून (टर्नआउटच्या बाहेरच्या, न हलणाऱ्या रुळापासून) ठरावीक फट सोडून बसवायची, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. फट दिसते, मोजता येते, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण चेक रेलचं काम समोरच्या नोजला (क्रॉसिंगच्या मधल्या टोकदार भागाला) वाचवणं आहे. तिने एका बाजूचं चाक पाठीमागून धरून ठेवायचं, म्हणजे त्याच ॲक्सलवरचं दुसरं चाक नोजवर आदळत नाही. त्यामुळे महत्त्वाचं माप म्हणजे नोजच्या चालत्या कडेपासून चेक रेलच्या काम करणाऱ्या कडेपर्यंतचं अंतर. यालाच चेक गेज म्हणतात. तिथे स्टॉक रेल थोडी आत सरकलेली असेल आणि तुम्ही चेक रेल तिच्यावरून बसवली, तर तीही सोबत आत सरकते आणि नोज उघडं पडतं. क्रम असा ठेवा: आधी नोज, मग गेज लावून स्टॉक रेल, आणि शेवटी नोजवरून मोजून चेक रेल.

निदानासाठी इंजिन नको. एक बोगी किंवा वजन घातलेला डबा बोटाने हळू ढकला आणि डोळे रुळाच्या पातळीला आणा. चाक नोजला ठोकून चुकीच्या वाटेला जात असेल तर चेक गेज कमी पडतंय. चाक चेक रेलवर चढू पाहत असेल तर चेक गेज जास्त झालंय, किंवा चाकंच एकमेकांच्या जवळ बसली आहेत. दुसऱ्या डब्याने तोच त्रास दिला नाही तर रुळाला हात लावू नका. चाक क्रॉसिंगच्या फटीत ‘धप’ करून बसत असेल तर फट त्या चाकाच्या रुंदीला जास्त आहे. ८८ रुंदीची सुबक चाकं ११० साठी केलेल्या क्रॉसिंगवर नेमकं हेच करतात. फट भरून काढण्याचा मोह होतो, पण त्याने इतर चाकं अडतात. अशा वेळी चाकं बदलणं स्वस्त पडतं, निदान वेळेच्या हिशोबाने.

नोजचं टोक सुरीसारखं धारदार ठेवणं हीसुद्धा हौसेची चूक. टोक जरासं बोथट आणि अगदी किंचित खाली हवं.

टर्नआउटच्या दुसऱ्या टोकाला एक बारकावा हमखास सुटतो. वळत्या मार्गाकडच्या स्टॉक रेलला टंग रेलच्या (मार्ग बदलायला सरकणाऱ्या निमुळत्या रुळाच्या) टोकाच्या जरा अलीकडे हलकासा कोन द्यावा लागतो. तो न देता टंग रेल नुसती कानशीने पातळ करत गेलं, तरी वळत्या मार्गाचं गेज टोकाशी आवळलेलंच राहतं.

वीज आणि सोल्डर

तांब्याचा पत्रा असलेले पीसीबी स्लीपर वापरत असाल, तर प्रत्येकाच्या पत्र्यात खाच पाडून रूळ बसवण्याआधीच मल्टिमीटर लावा. चाळीस स्लीपर जोडल्यावर शॉर्ट शोधणं ही शिक्षा आहे. ॲसिड असलेला फ्लक्स वापरला असेल तर त्याच दिवशी पाण्याने धुऊन काढा; राहिला तर तो हिरवट डाग आणि गंज आणतो. प्लास्टिकच्या चेअरजवळ सोल्डर करायचं असेल तर मोठ्या टोकाचं गरम सोल्डरिंग आयर्न क्षणभर टेकवा. छोटं टोक रेंगाळतं आणि चेअर वितळते.

धातूच्या क्रॉसिंगला विजेच्या दृष्टीने दोन्हीकडून वेगळं करा आणि टर्नआउटसोबत फिरणाऱ्या स्विचने त्याची पोलॅरिटी बदला. प्रत्येक टंग रेलला तिच्या शेजारच्या स्टॉक रेलचीच वायर द्या. नुसत्या स्पर्शावर विसंबू नका. तसंच रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची फीडर वायर हवी. बारीक, दिखाऊ फिशप्लेट वीज नेण्यासाठी नसतातच.

सगळे सांधे सोल्डर करून मोकळे होणंही महागात पडतं. निकेल सिल्व्हरचा मीटरभर रूळ २० अंश तापमानवाढीत सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, आणि खालचं लाकूड दमटपणाने त्याहून जास्त हलू शकतं. अधूनमधून फटी सोडा.

खडी आणि रंगाची घाई

खडी चिकटली की वरच्या सगळ्या चुका पक्क्या होतात. आधी सगळी गाडी दोन्ही दिशांनी, उलटी ढकलतसुद्धा, चालवून बघा.

खऱ्या खडीचा दगड ५० मिमीच्या आसपास धरला, तर एचओमध्ये तो ०.६ मिमीपेक्षाही लहान येतो. तयार मिळणारी ‘मध्यम’ खडी त्यामानाने धोंड्यांसारखी वाटते. पातळ पीव्हीए गोंद सोडण्याआधी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घालून फवारा मारा, नाहीतर गोंद थेंब होऊन खडी उचलतो. टंग रेलच्या हलत्या भागात गोंद अजिबात नको. तो आणि रंग केशाकर्षणाने सांध्यांत शिरतात. काल चालणारा ट्रॅक आज मेला तर पहिला संशय इथेच घ्या.

गंजाला नारिंगी रंग देऊ नका. वापरातल्या रुळाच्या बाजू मळकट तपकिरी असतात, उन्हात जुने झालेले लाकडी स्लीपर करडे. रंग ओला असतानाच रुळाचा माथा पुसून घ्या. वाळल्यावर सँडपेपरने घासलात तर ओरखड्यांत मळ साठतो, आणि रूळ पुन्हा पुन्हा साफ करावा लागतो.