सात बाइटांचं व्हेरिएबल: जुनं बेसिक आतून बघताना

बेसिक ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतली की सल्ले लगेच मिळू लागतात. नावं दोन अक्षरांची ठेव, सतत लागणारी व्हेरिएबल्स सुरुवातीलाच वापर, अ‍ॅरे (एकाच नावाखालची किमतींची यादी) त्यानंतर जाहीर कर. सगळे सल्ले खरे आहेत, पण नुसते पाठ करून डोक्यात टिकत नाहीत. मला ते पटले मेमरीत डोकावल्यावर. म्हणून नव्याने शिकणाऱ्याला माझं सांगणं एकच: पीक (PEEK), म्हणजे मेमरीतल्या दिलेल्या पत्त्यावरचा आकडा वाचणारी आज्ञा, आधी शिका.

मी बोलतोय ते १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाबद्दल. त्यातलं बेसिक मूळ मायक्रोसॉफ्टचं. मशीन हाताशी नसेल तर व्हाइस हा एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) पुरतो.

प्रोग्रॅम २०४९ या पत्त्यावर सुरू होतो. तो संपतो तिथून साधी व्हेरिएबल्स, त्यांच्यापुढे अ‍ॅरे. तयार होणाऱ्या स्ट्रिंगचा (अक्षरांच्या मालिकेचा) मजकूर मात्र वरच्या टोकापासून, ४०९६० च्या अलीकडून, खाली सरकत भरत जातो. व्हेरिएबल्स कुठून सुरू होतात हे ४५ आणि ४६ या पत्त्यांवर लिहिलेलं असतं.

आता हे करून बघा. ओळ १० मध्ये ए=१०. ओळ २० मध्ये व्ही=पीक(४५)+२५६*पीक(४६). ओळ ३० मध्ये फॉर-नेक्स्ट लावून व्हीपासूनचे सात बाइट छापा. पडद्यावर येतं: ६५, ०, १३२, ३२, ०, ०, ०. पहिले दोन बाइट नावाचे. ६५ म्हणजे ए. दुसरं अक्षर नाही, म्हणून शून्य. पुढच्या पाचांत संख्या. १३२ मधून १२८ वजा केले की ४ उरतात, म्हणजे २ चा चौथा घात, १६. पुढच्या ३२ मधला सर्वांत वरचा बिट चिन्हासाठी राखलेला असतो. हिशेबाला तिथे १ धरायचा, की होतात १६०. १६० भागिले २५६ म्हणजे ०.६२५, आणि १६ गुणिले ०.६२५ बरोबर १०. हा हिशेब एकदा तरी कागदावर कराच.

नावाला दोनच बाइट असल्यामुळे प्लेअर आणि प्लेस ही दोन्ही पी-एल या एकाच व्हेरिएबलची नावं ठरतात. स्कोअर तर चालतच नाही, कारण त्याच्या स्पेलिंगमध्ये ऑर हा कीवर्ड (बेसिकने स्वतःसाठी राखलेला शब्द) दडलेला आहे.

ओळ १० बदलून ए%=१० करा. येईल १९३, १२८, ०, १० आणि तीन शून्यं. नावाच्या दोन्ही बाइटांत १२८ मिळवले, की ते पूर्णांक व्हेरिएबल. संख्या दोन बाइटांत मावली, तरी उरलेले तीन वायाच गेले. वेळही वाचत नाही, कारण गणित शेवटी पाच बाइटांच्या संख्येतच होतं आणि रूपांतराचा खर्च वर पडतो. बचत दिसते ती अ‍ॅरेमध्ये, जे डिम या आज्ञेने जाहीर करतात: डिम ए(१००) ला ५१२ बाइट लागतात, डिम ए%(१००) ला २०९.

मला सर्वांत आवडतो तो स्ट्रिंगचा प्रयोग. ओळ १० मध्ये ए$="कॅट" लिहा, इंग्रजी तीन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. छापून येतं ६५, १२८, ३, ९, ८, ०, ०. लांबी ३, पत्ता ९+८*२५६, म्हणजे २०५७. हा पत्ता प्रोग्रॅमच्याच आत आहे! बेसिकने मजकुराची नक्कल केलीच नाही, ओळीतल्या अक्षरांकडे बोट दाखवलं. आता थेट पोक २०५७,६६ द्या (पोक म्हणजे त्या पत्त्यावर आकडा लिहिणं, ६६ म्हणजे बी) आणि ए$ छापा: बॅट. लिस्ट केलंत तर ओळ १० सुद्धा बदललेली दिसेल.

व्हेरिएबलचा शोध दर वेळी पहिल्यापासून ओळीने होतो, म्हणून सतत लागणारी आधी. अ‍ॅरेनंतर नवं साधं व्हेरिएबल आलं, की सगळे अ‍ॅरे सात बाइट पुढे सरकवावे लागतात, म्हणून डिम त्यानंतर.

स्ट्रिंग जोडत राहिलात तर प्रत्येक वेळी नवी प्रत बनते आणि जुनी तिथेच पडून राहते. जागा संपली की बेसिक साफसफाईला बसतं. स्ट्रिंग शेकड्यांनी असतील तर मशीन गोठल्यासारखं वाटतं, पण ते कामात असतं. बंद करू नका. गेम लिहीत असाल तर दोन लेव्हलच्या मधल्या वेळात फ्रे(०), म्हणजे मोकळी जागा सांगणारं फंक्शन, वापरून ही सफाई स्वतःच करून घ्या. त्याने ऋण आकडा दिला तर त्यात ६५५३६ मिळवा, खरी मोकळी जागा कळेल.